डॉट-कॉल कधी चालतं, कधी कोसळतं: आरमधून सी आणि फोरट्रान फंक्शन बोलावताना पुन्हा पुन्हा होणारे घोटाळे

आर या सांख्यिकीच्या भाषेतला एखादा लूप फार वेळ खातो. म्हणून तो सीमध्ये लिहायचा, कंपाइल करायचा (म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायचा) आणि डॉट-सी किंवा डॉट-कॉल लावून आरमधूनच बोलवायचा. दहा-पंधरा ओळींचं काम, पहिल्या दिवशी चालतंही. मग आठवड्याने तोच कोड 'सिम्बल लोड टेबलमध्ये नाही' म्हणून अडून बसतो, किंवा गुपचूप शून्य उत्तर देतो, किंवा अख्खं सेशन घेऊन कोसळतो. आपण काहीतरी बदलतो, चालायला लागतं, आणि महिन्याने पुन्हा तेच.

या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. आरला तुमच्या फंक्शनचा फक्त पत्ता कळतो. त्या पत्त्यावरचं फंक्शन किती आर्ग्युमेंट घेतं, पूर्णांक मागतं की दशांश, काही परत देतं की नाही, यातलं काहीच आर स्वतःहून तपासत नाही. हे सगळं लिहून ठेवलेली हेडर फाइल सी कंपाइलरसाठी असते, आर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे आर आणि सी यांच्यातल्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे काय ठरलंय हे जुळवायचं काम पूर्णपणे आपलं. तिथे चूक झाली तर सूचना येईलच असं नाही, आणि आली तरी ती खऱ्या जागेकडे बोट दाखवेल असं नाही.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. लक्षण ओळखायला तेवढं पुरे.)

फंक्शन सापडतच नाही

हा त्यातल्या त्यात प्रामाणिक घोटाळा, कारण निदान एरर तरी येतो. 'सी सिम्बल नेम... नॉट इन लोड टेबल' असं दिसलं की आधी साधी शंका फेडून घ्या: फाइल लोड झाली आहे का? आर सीएमडी एस-एच-लिबने फाइल तयार होते, पण ती सेशनमध्ये आणण्यासाठी डाइन-डॉट-लोड वेगळं करावं लागतं. इज-डॉट-लोडेडला फंक्शनचं नाव देऊन विचारा, ट्रू आलं की पुढे जा.

फाइल लोड झाली आणि तरी फंक्शन नाही, तर टर्मिनलवर एनएम ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. लिनक्सवर तिला डॅश-कॅपिटल-डी जोडा. फाइलमधल्या सगळ्या नावांची यादी समोर येते आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. नावाआधी मोठा टी असेल तर फंक्शन बाहेरून दिसतंय. छोटा टी असेल, किंवा नाव यादीतच नसेल, तर बहुधा तुम्ही ते स्टॅटिक, म्हणजे फक्त त्याच फाइलपुरतं, म्हणून लिहिलंय. आणि नाव अंडरस्कोर-झेडने सुरू होऊन पुढे आकडे आणि अक्षरांची खिचडी झाली असेल, तर फाइल सी++ म्हणून कंपाइल झाली आहे. सी++ कंपाइलर आर्ग्युमेंटचे प्रकार नावातच मिसळून टाकतो, आर मात्र तुम्ही दिलेलं साधं नाव शोधत राहतो. फंक्शनच्या आधी एक्स्टर्न-सी लिहिलं की नाव जसंच्या तसं राहतं. फाइलचं एक्स्टेन्शन सी वरून सीपीपी केलं आणि बाकी कशालाच हात लावला नाही, एवढ्यानेही हे होतं. 'मी तर काहीच बदललं नाही' असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळदा इथेच सापडतात.

फोरट्रानची तऱ्हा आणखी वेगळी. जीफोरट्रान सगळी नावं छोट्या लिपीत नेतो आणि शेवटी एक अंडरस्कोर लावतो. डॉट-फोरट्रानला हे ठाऊक असतं, तो अंडरस्कोर स्वतः जोडून घेतो. पण सबरूटीन मॉड्यूलच्या पोटात ठेवलं की नावात मॉड्यूलचं नावही शिरतं आणि मग डॉट-फोरट्रानला ते सापडत नाही. सबरूटीन मॉड्यूलबाहेर काढा किंवा बाइंड-सी वापरून नाव स्वतः ठरवा. फोरट्रानला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी जाता जाता: १९७६ साली बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी एस ही आरची पूर्वज भाषा आखायला घेतली, ती फोरट्रानमधल्या तयार सांख्यिकी रूटीनपर्यंत सहज पोचता यावं म्हणूनच. कंपाइल केलेलं फंक्शन बोलावणं हे आरला मागाहून जोडलेलं ठिगळ नव्हे.

लोड करतानाच 'अनडिफाइन्ड सिम्बल' आलं तर प्रकरण निराळं आहे. तुमचं फंक्शन आहे, पण त्याला लागणारं दुसऱ्याचं फंक्शन नाही. ते डीजेम किंवा तत्सम मॅट्रिक्सचं रूटीन असेल तर कंपाइलच्या सूचना ठेवणाऱ्या मेकव्हार्स फाइलमध्ये पीकेजी-लिब्जच्या ओळीत लापॅक, ब्लास आणि एफ-लिब्ज याच क्रमाने द्या.

पॅकेज करत असाल तर रूटीन रजिस्टर कराच, म्हणजे आपली फंक्शनं आरकडे आधीच नोंदवा. आरच्या टूल्स पॅकेजमध्ये पॅकेज-नेटिव्ह-रूटीन-रजिस्ट्रेशन-स्केलेटन असं लांबलचक नावाचं फंक्शन आर ३.४.० पासून आहे, ते सगळा सांगाडा लिहून देतं. फक्त पॅकेजच्या नावात टिंब असेल तर आर-इनिट या नोंदणी करणाऱ्या फंक्शनच्या नावात त्या जागी अंडरस्कोर घाला, नाहीतर आर ते फंक्शन बोलावतच नाही आणि तुम्ही रजिस्टर केलेलं सगळं वाया जातं. रजिस्टर करण्याचा खरा लाभ मला वेगळाच वाटतो. आर्ग्युमेंट किती हवेत हे त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे दोनाच्या जागी तीन दिले तर आर तिथल्या तिथे थांबवतो. या सीमेवर एवढाच एक पहारेकरी मिळतो.

फंक्शन सापडतं, उत्तर चुकतं

डॉट-सीने बोलावलेल्या फंक्शनला सगळं पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याच्या, रूपात मिळतं. आरमधला इंटिजर ३२ बिटांचा, न्यूमेरिक ६४ बिटांचा. आता आरमध्ये नुसतं ५ लिहिलं तर ते इंटिजर नसून न्यूमेरिक असतं, इंटिजर हवा तर ५-एल लिहावं लागतं. समजा सी फंक्शन इंट-पॉइंटर मागतंय आणि तुम्ही नुसतं ५ दिलं. तर ६४ बिटांच्या ५ मधले पहिले ३२ बिट तेवढे वाचले जातात आणि ते सगळे शून्य असतात. फंक्शनला वाटतं लांबी शून्य आहे. लूप एकदाही फिरत नाही, उत्तर शून्य, एरर काहीच नाही. आजच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर २०,९७,१५२ पर्यंतच्या प्रत्येक पूर्ण संख्येचं हेच होतं. म्हणून नेहमीच्या चाचण्यांत दर वेळी नेमकं शून्यच हाती येतं, आणि माणूस स्वतःच्या गणितात खोट शोधत बसतो.

उलट बाजूची चूक जास्त त्रास देते. सी फंक्शन डबल-पॉइंटर मागतंय आणि तुम्ही १ ते १० असा कोलनने केलेला व्हेक्टर दिला, तर तो इंटिजर असतो. पहिले दोन इंटिजर मिळून एक डबल म्हणून वाचले जातात आणि दहाच्या उणे ३१४ व्या घाताच्या आसपासची अतिसूक्ष्म संख्या मिळते. शिवाय दहा डबल वाचायचे म्हणजे ८० बाइट, तुमच्याकडे तर ४० च आहेत. पुढचे ४० कोणाचे आहेत ते देव जाणे.

'काल चालत होतं, आज नाही' याचं उत्तरही बरेचदा इथे असतं. रीड-डॉट-सीएसव्हीने फाइल वाचताना एखाद्या कॉलममध्ये एक जरी दशांश असला तर अख्खा कॉलम न्यूमेरिक होतो, सगळ्या पूर्ण संख्या असल्या तर इंटिजर. कालच्या फाइलमध्ये कुठेतरी २.५ होतं, आजच्या फाइलमध्ये नाही. कोड तोच, प्रकार मात्र बदलला.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. कंपाइल केलेलं फंक्शन कधीही थेट बोलवायचं नाही. त्याच्याभोवती आरमध्ये छोटं फंक्शन लिहायचं आणि प्रत्येक आर्ग्युमेंट ॲज-डॉट-इंटिजर किंवा ॲज-डॉट-डबलमधून पाठवायचं, ते आधीच बरोबर प्रकारचं आहे याची कितीही खात्री असली तरी.

आणखी दोन गोष्टी, पटकन. डॉट-सी तुमचं मूळ व्हेरिएबल बदलत नाही. बदललेल्या आर्ग्युमेंटची यादी परत देतं, ती पकडायची विसरलात तर फंक्शनने काम करूनही हाती काही लागत नाही. आणि मॅट्रिक्स आरमध्ये कॉलममागून कॉलम अशी साठवलेली असते, सीच्या सवयीने ओळीमागून ओळ वाचलीत तर ती उलटीपालटी दिसेल.

गैरहजर किमतींचं मात्र नीट पाहा. इंटिजर एनए म्हणजे आतून चक्क उणे २१४७४८३६४८ हा आकडा. आरला तो एनए म्हणून ओळखता येतो, सीला नाही. सीमध्ये त्यात १ मिळवला की एक सभ्य दिसणारी ऋण संख्या तयार होते आणि पुढच्या बेरजेत मुकाट मिसळते. लॉजिकल व्हेक्टरही आतून इंटच असतो, तेव्हा एनए असलेली अट सीमध्ये खरी ठरते. डॉट-सी आणि डॉट-फोरट्रान सांगितल्याशिवाय एनए, एनएएन किंवा अनंत पुढे जाऊच देत नाहीत, 'फॉरेन फंक्शन कॉल'चा उल्लेख करून अडवतात. त्या एररला वैतागून ही अडवणूक बंद करणारं नाओके हे आर्ग्युमेंट ट्रू करणारे असतात. ट्रू करायला हरकत नाही, पण त्याआधी सीच्या बाजूला तपासणी लिहिलेली हवी. डॉट-कॉल असं काही अडवत नाही.

कधी चालतं, कधी कोसळतं

याचसाठी खरं तर लिहायला बसलो.

डॉट-कॉलमध्ये फंक्शनला आरच्या वस्तू जशाच्या तशा मिळतात आणि फंक्शनने आरची वस्तूच परत द्यायची असते. परत देण्यासारखं काही नसेल तर आर-निल-व्हॅल्यू द्या. डॉट-सीसाठी लिहिलेलं व्हॉइड फंक्शन डॉट-कॉलने बोलावलं तर आर हाती लागेल तो कचरा वस्तू समजून उघडायला जातो आणि सेगफॉल्ट होतो, म्हणजे भलत्याच मेमरीला हात लावल्याने कोसळतो. ही चूक लगेच दिसते, लगेच सुटते.

न दिसणारी चूक गार्बेज कलेक्टरची, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणाऱ्या आरच्या भागाची. सीमध्ये तुम्ही नवी वस्तू तयार केली की ती कोणाच्या तरी उपयोगाची आहे हे आरला आपोआप कळत नाही. तुम्ही ती प्रोटेक्ट करेपर्यंत, म्हणजे 'ही वापरात आहे' असं आरला सांगेपर्यंत, ती बेवारस. पुढे कुठेही नवी मेमरी मागितली की कलेक्टर फिरू शकतो, आणि बेवारस वस्तूची जागा तो मोकळी करतो. तुमच्याकडचा पॉइंटर तसाच राहतो, फक्त त्या जागेत आता दुसऱ्याच कोणाचा तरी संसार असतो.

मी स्वतः यात कसा सापडलो ते सांगतो. भारित चल सरासरी काढणारं एक फंक्शन लिहिलं होतं. सुरुवातीला आलेला व्हेक्टर डबल असावा म्हणून कोअर्स-व्हेक्टर लावलं, मग उत्तरासाठी ॲलॉक-व्हेक्टरने जागा घेतली, ती व्यवस्थित प्रोटेक्ट केली, लूप, अनप्रोटेक्ट, रिटर्न. कित्येक महिने बिनतक्रार चाललं. मग एका फाइलसाठी उत्तरं विचित्र यायला लागली. क्रॅश नाही, एरर नाही. सुरुवातीच्या किमती बरोबर, पुढे हळूहळू भरकटलेल्या. पुन्हा चालवलं की कधी सगळं ठीक.

गंमत कोअर्स-व्हेक्टरमध्ये होती. व्हेक्टर आधीच डबल असेल तर ते तीच वस्तू परत देतं, आणि डॉट-कॉलची आर्ग्युमेंट्स आरने आधीच सांभाळलेली असतात, म्हणून धोका नाही. व्हेक्टर इंटिजर असेल तर मात्र ते नवी वस्तू बनवतं, आणि ती मी प्रोटेक्ट केली नव्हती. पुढच्याच ओळीत उत्तरासाठी जागा मागितली, कलेक्टर फिरला, त्याने माझा व्हेक्टर फेकून दिला, आणि उत्तराला बहुधा नेमकी तीच मोकळी झालेली जागा मिळाली. म्हणजे मी ज्या कागदावरून वाचत होतो त्याच कागदावर लिहीतही होतो. सरासरी आधीच्या सरासऱ्यांवरून निघत होती. फाइलमधला तो कॉलम त्या वेळी पहिल्यांदाच पूर्ण इंटिजर आला होता, एवढाच काय तो फरक. दुरुस्ती एका शब्दाची: कोअर्स-व्हेक्टरभोवती प्रोटेक्ट, आणि अनप्रोटेक्टमध्ये १ च्या जागी २.

यातून माझी सवय अशी झाली: सीमध्ये नवी वस्तू देऊ शकेल असं कोणतंही फंक्शन दिसलं की आधी प्रोटेक्ट, विचार नंतर. विनाकारण केलेलं प्रोटेक्ट जवळजवळ फुकट असतं. 'ही वस्तू लगेच वापरतोय, मध्ये काही होत नाही' हा युक्तिवाद ऐकायला बरा, पण तो चुकतो. सेट-ॲट्रिबला एकाच ओळीत इन्स्टॉल आणि मेक-स्ट्रिंग अशी दोन आर्ग्युमेंट दिली, तर कोणतं आधी चालेल हे सी भाषा ठरवून देत नाही. मेक-स्ट्रिंग आधी चाललं आणि मग इन्स्टॉलने नवं सिम्बल बनवण्यासाठी मेमरी मागितली, तर ती स्ट्रिंग मधल्यामधे गेली. एका ओळीच्या आतसुद्धा 'मध्ये' असतं.

अशी चूक पकडायची कशी? छोट्या डेटावर कलेक्टर क्वचित फिरतो, म्हणून चाचण्या पास होतात आणि खऱ्या कामाला कोड पडतो. त्यासाठी जीसी-टॉर्चर आहे. नाव शोभतं. ते ट्रू केलं की मेमरी मागितल्या प्रत्येक वेळी कलेक्टर फिरतो. सगळं गोगलगाईसारखं चालतं, म्हणून ते संशयित कॉलच्या अगदी आधी चालू करा, लगेच नंतर बंद करा, आणि डेटा दहा-वीस किमतींचाच घ्या. महिन्यात एकदा होणारा क्रॅश मग पहिल्या झटक्यात होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. चाचणीत इंटिजर आणि न्यूमेरिक दोन्ही देऊन पाहायला विसरू नका, माझी चूक इंटिजरशिवाय कधीच सापडली नसती.

व्हेक्टरच्या हद्दीबाहेर वाचणं-लिहिणं असेल तर व्हॅलग्रिंड हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लागतं. आर सुरू करताना डॅश-डी व्हॅलग्रिंड दिलं की 'इन्व्हॅलिड रीड ऑफ साइज ८' असं म्हणत ते ओळ क्रमांकासह सांगतं, अर्थात फाइल डॅश-जी लावून कंपाइल केली असेल तरच. आरमध्ये मोजणी १ पासून आणि सीमध्ये ० पासून, या जुन्या भानगडीतले बरेचसे क्रॅश इथे पकडले जातात. प्रोटेक्टच्या चुका कोड न चालवताच शोधणारं आरसीएचके नावाचं साधनही आहे, आर कोअरच्या टोमास कालिबेरांनी केलेलं. उभं करायला थोडी खटपट आहे, पण मोठं पॅकेज असेल तर करा.

काही सूचना मात्र स्वतःहून येतात आणि लोक त्या वॉर्निंग समजून सोडून देतात. 'स्टॅक इम्बॅलन्स इन डॉट-कॉल' म्हणजे प्रोटेक्ट आणि अनप्रोटेक्टची मोजणी जुळत नाही. बहुतेक वेळा मध्येच कुठेतरी लवकर रिटर्न असतो आणि त्या वाटेवर अनप्रोटेक्ट लिहायचं राहिलेलं असतं. 'प्रोटेक्शन स्टॅक ओव्हरफ्लो' आलं तर बहुधा लूपच्या आत प्रोटेक्ट आहे आणि अनप्रोटेक्ट लूपबाहेर. स्टॅकची नेहमीची मर्यादा ५०,००० आहे. ती वाढवता येते, पण वाढवू नका, लूप दुरुस्त करा.

सी++ वाल्यांसाठी एक खड्डा वेगळा. आरचं एरर फंक्शन लाँग-जंपने थेट बाहेर उडी मारतं. प्रोटेक्टचा स्टॅक आर स्वतः पूर्ववत करतो, पण वाटेतले सी++ चे डिस्ट्रक्टर, म्हणजे आवराआवर करणारी फंक्शनं, चालत नाहीत, मेमरी आणि उघड्या फाइल तशाच लटकतात. आर आणि सी++ जोडणारं आरसीपीपी हे पॅकेज वापरलं तर हे, एक्स्टर्न-सी आणि प्रोटेक्ट, तिन्ही ते सांभाळतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सरळ तेच घ्यायला सांगेन. आणि जुना हाताने लिहिलेला सी++ कोड आर ४.५.० वर अचानक कंपाइल होईनासा झाला असेल तर आधी आरएफ-अंडरस्कोर पाहा: त्या आवृत्तीपासून सी++ मध्ये एरर, लेंग्थ, ॲलॉक-व्हेक्टर ही उघडी नावं मिळत नाहीत, त्यांच्याआधी हा उपसर्ग लावावाच लागतो.

न मागता बदललेलं व्हेरिएबल

एक्स वायमध्ये ठेवला, मग एक्स डॉट-कॉलला दिला, आणि परत येऊन पाहतो तर वायसुद्धा बदललेला. आरमध्ये असं व्हायला नको, पण नाव दोन असली तरी कोणी हात लावेपर्यंत आतली वस्तू एकच असते. आरच्या कोडने हात लावला तर आर आधी प्रत काढतो. तुमच्या सी कोडने हात लावला तर त्याला पत्ताही लागत नाही. आलेल्या आर्ग्युमेंटमध्ये थेट लिहू नका. लिहायचंच असेल तर ड्युप्लिकेट करून त्या प्रतीत लिहा. वेग हवा म्हणून प्रत टाळणारे मी पाहिलेत. त्यांचे वाचलेले मिलिसेकंद पाहिलेत, आणि पुढे चूक शोधण्यात गेलेले दिवसही पाहिलेत.

दुरुस्त केलं तरी जुनंच उत्तर, किंवा 'नल व्हॅल्यू'

सी फाइल बदलली, पुन्हा कंपाइल केली, तरी उत्तर जुनंच. विंडोजवर तर कंपाइलच होत नाही, कारण लोड असलेली डीएलएल (विंडोजवरची कंपाइल झालेली फाइल) वापरात असते आणि तिच्यावर लिहिता येत नाही. आधी डाइन-डॉट-अनलोड करा. पण त्याच नावाची फाइल काढून पुन्हा लोड करणं दर वेळी नीट होईलच याची हमी आरचं मदतपानही देत नाही. काही विचित्र दिसलं की मी वाद न घालता सेशन बंद करून नवं उघडतो.

नवीन मशीनवर जुनी फाइल लोडच होत नसेल तर आर्किटेक्चर बघा. विंडोजवर ३२ बिटांचा आर ४.२.० पासून बंद झाला आहे, आणि मॅकवर इंटेलसाठी बनवलेली फाइल एआरएम आरमध्ये चालत नाही. 'इनकॉम्पॅटिबल आर्किटेक्चर' असा स्पष्ट शब्द असतो त्या एररमध्ये. पुन्हा कंपाइल करा, दुसरा इलाज नाही.

शेवटचा घोटाळा समांतर काम करणाऱ्यांचा. आरसीपीपीच्या सोर्स-सीपीपीने फंक्शन बनवलं, आपल्या सेशनमध्ये झकास चाललं, आणि पार-लॅप्लायने वर्करकडे, म्हणजे सोबत चालणाऱ्या दुसऱ्या आर प्रोसेसकडे, पाठवलं की 'नल व्हॅल्यू पास्ड ॲज सिम्बल ॲड्रेस'. पुन्हा तोच पत्ता. आरने वर्करला फंक्शन पाठवलं, पण त्यातला पत्ता या प्रोसेसच्या मेमरीतला होता. दुसऱ्या प्रोसेसमध्ये त्याला अर्थ नाही, म्हणून पाठवतानाच तो नल होतो. वर्कस्पेस साठवून दुसऱ्या दिवशी उघडला तरी याच कारणाने हाच एरर येतो. तेव्हा प्रत्येक वर्करमध्ये क्लस्टर-इव्हॅल-क्यूने सोर्स-सीपीपी स्वतंत्र चालवा, किंवा फंक्शन पॅकेजमध्ये ठेवून प्रत्येक वर्करमध्ये ते पॅकेज लोड करा. मी पॅकेजच करतो. वर्कर आठ असले तर तीच फाइल आठ वेळा कंपाइल होताना बघत बसावं लागत नाही.